बांधावरचा तारेचा खांब

पंचावन्न सालापर्यंत पाटाच्या पाण्याची बातमी पायी चालत यायची. रावजी पाटकरी काठाकाठानं हिंडायचा आणि वरच्या बागाइतदारांपासून शेळगावच्या शेवटच्या वावरापर्यंत हाळी द्यायचा, "पाणी सुटतंय, मागणीचे अर्ज द्या." वरच्या सर्जेरावांच्या उसाला जे कळायचं, तेच शेवटच्या वावरातल्या रंगूबाईच्या वांग्यांना कळायचं. मग पाटाच्या साहेबांच्या बंगल्यावर टेलिफोन आला आणि रावजीचं हिंडणं बंद झालं.

तारेचा एक खांब रंगूबाईच्याच बांधावर रोवला. बुडाशी माती तिनंच दाबली होती, खुळीनं. वाटलं, आता निरोप लवकर येईल. लवकर आलाच की, पण बंगल्यावर. तिथं सर्जेराव रोज चहाला ठाण मांडून. अर्ज त्यांचा पहिला, भावकीचा दुसरा, आणि रंगूबाईला कळेस्तोवर मुदत संपलेली. पाण्याच्या दोन पाळ्या अशाच हुकल्या.

नवरा झुंबर भवानीनगरच्या कारखान्यात कामाला. बंगला अडीच कोस लांब, रोज उठून तिकडं कोण मरायला जाणार? वांगी फुलावर होती. ही पाळी चुकली की फूल गळणार, वर्षाची मेहनत मातीत. तिनं एकदा खांबाला कान लावून पाहिला. आत नुसतं गुणगुणत होतं. तिच्या डोक्यात तिडीकच गेली. शेळी आणून तिनं त्या खांबाला बांधली. म्हणाली, "एवढ्या कामाला तरी ये, मेल्या."

आठवड्यानं रावजी बांधावरून येताना दिसला, घामाघूम, फोन आल्यापासून पहिल्यांदाच. रंगूबाईच्या जिवात जीव आला. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि डब्यातला कागद काढला.

"मास्तरांकडनं अर्ज लिवून ठेवलाय, रावजीभाऊ. घ्या."

"अर्ज मंगळवारीच बंद झाले," रावजी म्हणाला. "फोन आला व्हता. पाणी वरच्या उसात चाललंय."

"मग तुमी हितं कशाला आलाय?"

"सायबांनी धाडलंय. शेळीच्या हिसक्यानं खांब कललाय, फोन खरखरतोय. शेळी सोडा."

"एवढं सांगायला अडीच कोस चालत आलासा?"

"मग काय करू, रंगूबाई? तुमच्याकडं कुठं फोन हाय?"

रंगूबाईनं हातातला अर्ज शेळीपुढं टाकला. दावं काही सोडलं नाही.