टाकीतला पेशंट

दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून हुकूम सोडणाऱ्या दातांच्या डॉक्टरने एका माशापुढे मात्र हात टेकले होते. मासा काही केल्या तोंड उघडेना.

दवाखान्याच्या वेटिंग रूममधल्या टाकीत मरळ कुळातल्या बुटक्या माशांची जोडी होती. हे मासे लहान, पण नखरे फार. मासेवाल्याने विकतानाच बजावलं होतं की टाकी काठोकाठ भरू नका, यांना अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. नाही मिळाली तर मासे असून बुडून मरतील. आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर उडी मारून पेशंटच्या मांडीवर येतील. डॉक्टरने दोन्ही पथ्यं पाळली. तरी नराचा जबडा सुजल्यासारखा दिसायला लागला आणि त्याचं खाणं सुटलं.

हिरडीत पू झालाय, असं डॉक्टरने निदान केलं. समोरच्या टेबलाशी बसून पेशंटना नंबर देणाऱ्या त्याच्या बायकोने, आपलं आठव्या महिन्याचं पोट सावरत, माशाला हिरड्या असतात का असं विचारलं. ते त्याने कानाआड केलं. खरं तर माशाचं हे दुखणं त्याने फारच जिवाला लावून घेतलं होतं. एवढासा जीव आपल्याला सांभाळता येत नाही, तर येणारं बाळ काय सांभाळणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. आणि हे बायकोला सांगायची लाज वाटत होती.

शेवटी दुपारचे पेशंट संपल्यावर त्याने सगळ्यात बारीक चिमटा उकळून घेतला, टाकीचं झाकण काढलं आणि जाळी उचलली. तेवढ्यात नराने आपणहून आ केला. आतून इवली इवली पिल्लं भराभर बाहेर पडली. जाळीची सावली पाण्यावर पडताच सगळी गर्रकन फिरली आणि बापाच्या तोंडात शिरून गडप झाली. जबडा पुन्हा टम्म.

बायकोने लगेच मासेवाल्याला फोन लावला. या जातीतला बापच अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, तोवर धड जेवतही नाही, हे सांगायचं राहूनच गेलं, असं म्हणून तो खो खो हसला.

डॉक्टर पेशंटच्या बाकावर मटकन बसला.

“मला नाही गं जमायचं हे,” तो म्हणाला. “आपल्या बाळाचं. फार भीती वाटते.”

बायकोने हसू दाबत त्याच्या मुठीतला चिमटा काढून घेतला.

“तुला तोंडात नाही धरायचंय रे,” ती म्हणाली. “हातात धरलंस तरी चालेल.”