चार धाग्यांत दोघी

मित्रांनो, मी एक जुनं विणकामाचं यंत्र आहे. कारखान्याच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खोळीखाली माझा मुक्काम आहे. इकडे दिवसचे दिवस कुणी फिरकत नाही. आलंच कुणी, तर माझ्या डोक्यावर रिकामी खोकी ठेवून जातं. तुम्ही आलाच आहात तर जरा बसा. मला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

माझ्या अंगात शेकडो सुया आहेत आणि डोक्यावर चार रिळांची जागा. काळा, गडद राखाडी, फिका राखाडी आणि पांढरा. बस्स, धागे चारच. लोक जुने काळे-पांढरे फोटो आणत आणि मी ते लोकरीच्या पांघरुणावर विणून देई. कुणाचे आजोबा, कुणाचं लाडकं कुत्रं. लोक बघून म्हणत, "अगदी हुबेहूब." तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

खरी मेख आधीच्या कामात होती. संगणकातल्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न छटा असतात. जिन्याच्या पायऱ्या समजा हवं तर. त्या सगळ्या चार धाग्यांत बसवायच्या. हे काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे 'सरसकट' म्हणत, कारण तो प्रत्येक फोटोला एकच माप लावी. पहिल्या चौसष्ट पायऱ्या काळ्या, पुढच्या चौसष्ट गडद राखाडी, असे चार सारखे वाटे. बटण दाबलं की हा चहाला मोकळा. माणूस वाईट नव्हता हो, आळशी होता. आणि बहुतेक फोटोंना ते चालूनही जाई.

पुढे रंगीत विणणारं नवं यंत्र आलं आणि माझ्याकडे काम येईनासं झालं. त्याच दिवसांत एक म्हातारी शिंपीणबाई आली. तिने पिशवीतून एक फोटो काढला. दोन जुळ्या बहिणी, सारखेच फ्रॉक. एक अंगणात उन्हात उभी, दुसरी मागे दाराच्या सावलीत. उन्हातली ती स्वतः. सावलीतली, फोटो काढला त्याच वर्षी, तापाने गेली होती. त्या बहिणीचा एवढा एकच फोटो होता. बाईला आता जवळचं असं कुणी उरलं नव्हतं. थंडीत अंगावर घ्यायला तिला दोघींचं पांघरूण हवं होतं.

सरसकटने नेहमीचं बटण दाबलं आणि मी विणलं. बाईने पांघरूण उलगडलं. उन्हातली मुलगी सुरेख आली होती. मागे नुसतं काळं दार.

"ही कुठे गेली?" बाईने विचारलं.

सावलीतल्या मुलीचा चेहरा, तिचा फ्रॉक, मागचं दार, सगळं पहिल्या चौसष्ट पायऱ्यांतच होतं. म्हणजे सगळं काळं. माझ्याच सुयांनी मी तिला पुसून टाकलं होतं. मित्रांनो, इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"मावशी, तिथे उजेडच नव्हता," सरसकट खाली बघत म्हणाला. "तिचा चेहरा दाखवायचा तर काळा आणि दोन्ही राखाडी धागे खालच्या साठ पायऱ्यांतच घालावे लागतील. वरचं मग सगळं पांढरं. तुम्ही कोऱ्या दिसाल. या जुन्या प्रोग्रॅमला अख्ख्या फोटोला एकच नियम लावता येतो."

बाई बराच वेळ त्या काळ्या लोकरीवरून हात फिरवत राहिली.

"त्या दिवशी जागेवरून आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "मी तिला मागे ढकललं आणि उन्हात उभी राहिले. पासष्ट वर्षं मीच उन्हात आहे, दादा. मी कोरी दिसले तर दिसू दे. तिला येऊ द्या."

सरसकट त्या दिवशी चहाला गेला नाही. खुर्ची ओढून बसला आणि एकेक पायरी मागेपुढे करत राहिला. दुपार टळली तेव्हा माझं काम सुरू झालं. उन्हातल्या मुलीचे केस आले, डोळ्यांचे दोन ठिपके आले, बाकी सगळं पांढरं. आणि मागे, ओळीमागून ओळ, दारात एक मुलगी उभी राहिली.

बाईने पांघरूण मांडीवर घेतलं आणि वाकून पाहिलं. मूळ फोटोत अंधारामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या मुलीने खालचा ओठ काढला होता.

"अजून रुसलीच आहेस का गं," बाई म्हणाली, आणि पांघरुणात तोंड खुपसून रडली.

ते माझं शेवटचं काम. तेव्हापासून मी या खोळीखाली आहे, आणि खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं. माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, कधी तुमच्यावरही छटा कमी करायची वेळ येईल. तेव्हा सारखे वाटे करून मोकळे होऊ नका. बटण दाबण्याआधी फोटोतल्या काळोख्या कोपऱ्यात नीट डोळे ताणून बघा. तिथे कुणी उभं असेल, आणि त्याचा दुसरा फोटो कुठेच नसेल.