मानेवरचा घाम

ठमी माझी धाकटी बहीण. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून बाबांनी तिला ठमी म्हटलं, आणि पुढे वाळून काडी झाली तरी ती ठमीच राहिली. ती तिच्या मुलीबरोबर पाचव्या मजल्यावर राहायची. दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून क्रीमचा केक घ्यायचे, पिशवीत सरळ धरायचे आणि जिन्यानं वर जायचे.

जिन्याखाली एक किल्लीवाला बसायचा. त्याला माझं चढणं बघवायचं नाही.

"आजी, लिफ्ट काय शोभेला बसवलीय?"

"शोभेलाच. तुझ्यासारखी."

"एक दिवस मधेच बसाल, मग मलाच उचलायला यावं लागेल."

"आधी स्वतःचं पोट उचल."

त्याला खरं कारण मी कधी सांगितलं नाही. सांगून कळलंही नसतं. आमचे बाबा लाकडाच्या वखारीत हमाल होते. घाम न गाळता खाल्लेलं अंगी लागत नाही, हे त्यांचं एकच शहाणपण, आणि ते त्यांनी आम्हा दोघींच्या अंगात भिनवलं. साधं जेवण कसंही चालायचं. पण कधीमधी ते केक आणायचे, त्या दिवशी तो डबा उंच फळीवर जायचा आणि आम्हाला आवारात पळायला लागायचं. पळून आलो की बाबा हाताची मागची बाजू आमच्या मानेवर टेकवायचे. ओली लागली की डबा खाली.

ठमीनं एकदा लबाडी केली. नळाखाली मान धरली आणि धापा टाकत आली. बाबांनी हात टेकवला, नाकाशी नेला, म्हणाले, "हा नळाचा घाम आहे. परत पळ." मी तिच्या देखत माझा तुकडा सावकाश संपवला. ते तिनं मला जन्मभर ऐकवलं.

मोठेपणी कुणाचा धाक नव्हता, तरी आमचं तेच चाललं. मी आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. ठमी घरी पडदे शिवायची. रविवारी मी आले की ती जिना उतरून खाली यायची, आणि दोघी मिळून वर चढायचो. मजल्यागणिक एका माणसाची निंदा करायची असा रिवाज होता. पाचव्यापर्यंत नातेवाईक पुरायचे नाहीत, मग तिच्या गिऱ्हाइकांवर यायचो. घरात शिरल्यावर ती माझ्या मानेला हात लावायची, मी तिच्या. मग केक.

माझ्या भाचीला ह्याचं हसू यायचं. पण तिनं स्वतः खोलीत पळायचं मशीन आणून ठेवलं होतं. मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जायचं असलं की सकाळी त्यावर पळायची, आणि रात्री भरपेट जेवून यायची.

"हे आजोबांचंच आहे की गं," मी म्हणायचे.

"छे! मावशी, मी पळते ते खाल्लेलं अंगाला लागू नये म्हणून."

"ऐक ठमे! बाबा घाम गाळायला लावत ते अंगी लागावं म्हणून, आणि ही गाळते ते लागू नये म्हणून."

"घाम तोच ना," ठमी म्हणायची. "मग पोरीला मोठा तुकडा दे."

मग ठमीच्या घशाचं दुखणं निघालं. आधी भाकरी उतरेना, मग भात, मग पेज. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. भाचीच्या खोलीला लागून मोरी होती म्हणून ठमीचा पलंग तिथं हलवला. मशीन तिथंच राहिलं. त्याच्या दांड्यावर टॉवेल वाळायला लागले, वरच्या फळीवर औषधं आली.

एकदा भाची तिला पाणी पाजत होती आणि ते आडवं गेलं. ठमी निळी पडली. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यातून ती सावरली, पण भाची नाही सावरली. त्यानंतर ती चमच्याच्या टोकानं थेंबथेंब द्यायची आणि प्रत्येक थेंबानंतर आईच्या गळ्याकडे बघत बसायची. रोज येणारी नर्स म्हणाली होती, जिभेला काही चवीचं लावलंत तर हरकत नाही, फक्त मान उंच ठेवा. भाचीनं मान डोलावली आणि काही लावलं नाही. स्वतः ती ओट्यापाशी उभी राहून कोरडा पाव खायची. जेवायला बस म्हटलं तर म्हणायची, भूक नाही.

मला ह्या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. मी येत होते, बसत होते, जात होते. रडू येत नव्हतं. धुलाईखान्यात तापलेली कापडं उचलून उचलून माझ्या बोटांची टोकं फार पूर्वी मेली आहेत, गरम की गार ते कळत नाही. आता ते बोटांवरून वर चढत सगळीकडे पसरलं असावं, एवढंच मनात यायचं.

केक मात्र आणत होते. ठमीनंच सांगितलं होतं, "तू खा. मी बघते." म्हणून मी जिना चढून यायचे आणि तिच्यासमोर बसून खायचे. चादरीची घडी घालावी तसा. एक घास, दुसरा घास, संपला. ठमीची नजर माझ्या तोंडावरून हलायची नाही.

त्या रविवारी माझा गुडघा सुजून आला होता. किल्लीवाल्यानं मला लांबून बघितलं, उठला आणि स्वतः लिफ्टचं बटण दाबून दार धरून उभा राहिला.

"आज तोंड उघडायचं नाही. आत चला."

मी आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वर आल्यावर लिफ्टचं भाचीला सांगितलं नाही. डबा मशीनच्या फळीवर औषधांशेजारी ठेवला आणि पलंगाजवळ बसले.

ठमीचे पाय चादरीखाली हलत होते.

"सकाळपासून असंच चाललंय," भाची म्हणाली. "दुखतंय का विचारलं तर मान हलवते. हो म्हणते की नाही, तेच कळत नाही. झोपेचं औषध देऊ का गं, मावशी?"

"थांब जरा."

मी चादरीकडे बघत राहिले. चादर बघणं हे माझं कामच होतं. उजवी टाच वर आली, खाली गेली. मग डावी. मग उजवी. थोडा वेळ ठमी थांबली, तिनं श्वास घेतला, पुन्हा डावी. कळ अशी पाळीपाळीनं येत नाही. कळ आली की सगळं अंगच आखडतं. आणि ठमी ना छताकडे बघत होती ना आमच्याकडे. ती मशीनवरच्या डब्याकडे बघत होती.

"ठमे," मी म्हटलं, "पळतेस होय गं?"

तिनं डोळे माझ्याकडे वळवले. "हं."

"कुठं पळतेय?" भाची म्हणाली. "मावशी, काय बोलताय तुम्ही दोघी?"

"आवारात पळतेय. केक हवाय तिला."

ठमीनं हात उचलला, मानेकडे न्यायला लागली, तो अर्ध्यावरच गादीवर पडला. मी वाकले आणि तिच्या मानेखाली हात घातला. मला काही कळलं नाही. ओलं की कोरडं, काहीच नाही. हात उलटा करून टेकवला. मागच्या बाजूलाही वाफेनं भाजलेल्या चट्ट्यांचीच कातडी.

"पोरी, तू बघ."

"काय बघू?"

"घाम आहे का."

"ताप असेल तिला."

"ताप असेल तर ताप सांग. घाम असेल तर घाम सांग. माझी बोटं सांगत नाहीत."

भाचीनं नाखुशीनं हात घातला. काढला नाही लगेच. आईच्या मानेखाली हात तसाच ठेवून ती बसली.

"अंग गार आहे," ती म्हणाली. "पण मान ओली आहे. चांगली ओली आहे."

"नळाचा नाही ना?"

ठमीच्या नाकातून हवा बाहेर आली. ते तिचं हसणं होतं.

मी डबा घ्यायला उठले तशी भाचीनं माझा हात धरला. "नको, मावशी."

"जिभेला लावायचं फक्त. नर्सनं सांगितलंय."

"आणि अडकलं तर?"

"क्रीम आहे ती. विरघळते."

"तू म्हणशील. तू संध्याकाळी घरी जाशील. मी इथं एकटी असते."

मी परत बसले. खालून किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज येत होता. आणि चादरीखाली ठमीच्या टाचा पुन्हा सुरू झाल्या. उजवी. डावी. घाम कमी पडला म्हणून मिळेना, असं तिला वाटलं असणार. कपाळावर शीर उभी राहिली होती. उजवी. डावी.

भाची ते बघत होती.

"आई, पुरे," ती म्हणाली. "आई, पुरे गं. झालं पळून."

तिनं उशीवर उशी रचून आईला उंच केलं. डबा उघडला. करंगळीच्या टोकावर जरासं क्रीम घेतलं आणि आईच्या जिभेला लावलं. मग आम्ही दोघी गळ्याकडे बघत राहिलो. गळा हलला. थांबला. पुन्हा हलला. बाकी काही झालं नाही.

"अजून," ठमी म्हणाली.

भाचीनं अजून लावलं. तिसऱ्यांदा तिनं करंगळीवर जरा जास्त घेतलं. ठमीनं तोंड मिटलं आणि बराच वेळ नुसती जीभ आत फिरवत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"ताई."

"काय गं?"

"लिफ्ट."

मला आधी कळेना. मग कळलं. लिफ्टचं दार भिंतीपलीकडेच आहे. पडल्या पडल्या तिला ते वाजलेलं ऐकू आलं होतं.

"मावशी, आज लिफ्टनं आलीस?" भाची म्हणाली.

"गुडघा सुजलाय माझा."

"नळाचा घाम," ठमी म्हणाली. दोनच शब्द, पण त्यांना तिला दोन श्वास लागले. मग डोळ्यांनीच डब्याकडे खूण केली. नाही मिळणार, अशी. मग भाचीकडे बघितलं. "तू?"

"मला नको, आई. मला भूक नाही."

ठमीनं डोळे मिटले नाहीत. बघत राहिली.

मी उठले. भाची म्हणाली, "मावशी, काहीतरीच काय! ती गंमत करतेय." पण ठमीनं केकच्या बाबतीत कधी गंमत केली नव्हती. मी लिफ्टनं खाली गेले.

"एवढ्यात निघालात?" किल्लीवाला म्हणाला.

"नाही. वर जायचंय."

"आत्ताच तर वरून आलात."

"मला केक खायचाय," मी म्हटलं आणि जिन्याला हात लावला.

त्यानं कानस खाली ठेवली, बसायचं स्टूल उचललं आणि माझ्या मागे मागे आला. मजला आला की स्टूल ठेवायचा आणि म्हणायचा, "बसा." मी बसायचे. पहिल्या मजल्यावर मी सवयीनं कुणाची तरी निंदा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढच्या मजल्यांवर उघडलं नाही. गुडघा ठणकत असावा, कारण पाय माझं ऐकत नव्हता. पण ते ठणकणं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. पाचव्यावर त्यानं स्टूल खांद्यावर टाकलं. "खा आता पोटभर," म्हणाला आणि उतरून गेला.

दारातच मला घरघर ऐकू आली.

टॉवेल खुर्चीवर ढीग करून टाकले होते. औषधं खिडकीत ठेवली होती. भाची मशीनवर होती. पळत नव्हती, पायांतली ताकद गेली होती तिच्या. चालत होती. दोन्ही हातांनी दांडा धरून, समोरच्या भिंतीकडे बघत. रडत नव्हती. चालत होती. ठमी उंच उशांवर पडून तिच्या पायांकडे लक्ष ठेवून होती, बाबा ठेवायचे तसं.

मी येऊन टेकले तशी भाचीनं मशीन बंद केलं. खाली उतरली, माझ्यामागे आली आणि माझ्या मानेवर हात टेकवला.

"आहे," ती आईला म्हणाली.

मग माझ्यासमोर वाकून तिनं केस बाजूला केले. मी तिच्या मानेवर बोटं ठेवली. मला काही कळलं नाही.

"आहे," मी म्हटलं.

भाचीनं केक कापला. मोठा तुकडा ठमीनं डोळ्यांनी तिलाच घ्यायला लावला. भाची पलंगाच्या कडेवर बसून खायला लागली. आधी हळू, मग भराभर, गाल फुगवून, लहानपणी खायची तशी. मी माझा खाल्ला. चव लागली नाही. तरी कागदाला चिकटलेलं सगळं बोटानं निपटून घेतलं. ठमी बघत होती.