कोपऱ्यातले गोल तारे

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नाबिग्नातला नव्हे हं. मला फ्लॅश नाही, 'जरा हसा' म्हणायची सोय नाही. दुर्बिणीला चिकटून बसायचं आणि अंधारात ताऱ्यांचा उजेड टिपायचा, एवढंच माझं काम. दिसायला म्हणाल तर बूटपॉलिशची डबी बरी.

कारखान्यात मला दिव्यासमोर तपासलं आणि खोक्यात घातलं. खरा तारा पाहायच्या आधीच मी दोघा भावांच्या घरी आलो. थोरले दादा चष्म्याच्या काचा घासायचे. गच्चीवरच्या दुर्बिणीचा आरसाही त्यांनी स्वतःच घासलेला. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो.

दादांची छाती पार कामातून गेली होती. दोन मजले चढणं सोडाच, पलंगावरून उठतानाही धाप लागायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. आपल्या आरशातून पुन्हा एकदा कृत्तिका पाहायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून धाकट्याने मला आणलं. मी वर दुर्बिणीत आणि माझी वायर जिन्यातून खाली, दादांच्या उशाशी ठेवलेल्या पडद्यापर्यंत.

"आधी परीक्षा," दादा म्हणाले. "कोपऱ्यातले तारे गोल आले तर कॅमेरा, नाहीतर डबडं."

डबडं म्हटलेलं मला लागलं, पण माणूस आवडला.

त्या घराचा एक नियम होता, माझ्या आधीच्या कॅमेऱ्यांपासूनचा, आणि तो दादांचाच. फोटो चालू असताना जिन्यात पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची नाही. गच्ची जुनी, जरा हादरली की ताऱ्यांच्या रेघा होतात. वहिनींचा सगळा संसार त्या नियमात गेला. पाहुणा आला तरी त्या ओठांवर बोट ठेवून त्याला बसवायच्या.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. अंधार पडला आणि मी पहिला फोटो काढला.

"अंडी आलीत, छोट्या," दादा फोनवर म्हणाले. मध्येच श्वास घ्यायला थांबले. "तिरका बसवलायस त्याला. खालचा स्क्रू सैल कर."

"पण दिसतायत ना, दादा?"

"दिसतायत. पण अंडीच दिसतायत."

धाकटा हसला. त्याने मला सैल केलं, नीट टेकवून पुन्हा आवळलं. फोनचा उजेड नको म्हणून तो बंद केला. मग मी एकामागून एक फोटो घेत राहिलो. निळ्या ताऱ्यांच्या मधलं धुकंसुद्धा मला दिसायला लागलं. काय सांगू, मी हरखून गेलो होतो.

शेवटचा फोटो झाल्यावर वहिनी वर आल्या.

"झालं का, भाऊजी?"

"झालं. अगदी कोपऱ्यापर्यंत गोल आलेत. दादांनी पाहिलं ना?"

वहिनींनी कठडा धरला. "ते गेले."

"कधी?"

"तुम्ही सुरू केलंत, त्यानंतर थोड्याच वेळात. तेव्हापासून मी जिन्याखाली उभी होते."

"मग हाक का नाही मारलीत, वहिनी?"

"फोटो हलला असता," त्या म्हणाल्या. "ओरडले असते मला."

धाकटा खाली बसला. मला दुर्बिणीतून काढायचंही त्याला सुचलं नाही.

आता मी कपाटात आहे, तोंडावर झाकण घालून. कोणी विचारलं तर धाकटा सांगतो, कॅमेऱ्यात खोट आहे. तसं काही नाही, पण त्याला खोटं कोण पाडणार? परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा लावा की त्याला. मी तर कधी काही पाहिलंच नाही. माझा जन्म लोकांना गप्प करण्यात गेला."

"बघू," तो म्हणाला आणि कामावर निघून गेला.

बाबा रे, बघू नको, मला बाहेर काढ. वहिनींना गच्चीवर ने, त्यांच्यासाठी खुर्ची मांड आणि फोटो चालू असताना त्यांना पोटभर बोलू दे. तारे अंड्यासारखे आले तर येऊ देत.