दक्षिण ध्रुवावरचा संक्रांतीचा अंधार

वर्ध्याजवळच्या आंजी गावात मे महिन्याच्या भर दुपारी, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, तीनशे माणसं मंडपात बसून बर्फाच्या गोष्टी ऐकत होती. पितळेच्या घंगाळातून पांढरा धूर उतू जात होता आणि त्यामागे हिमनाथ महाराज डोळे मिटून बोलत होते.

महाराजांचा दावा असा, की गेल्या जन्मी ते दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या एका लाकडी जहाजावर खलाशी होते. शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाज बर्फात अडकलं आणि तिथंच त्यांना सिद्धी मिळाली. सांगत मात्र झकास. पहाटे घंटा व्हायची, मग आळीपाळीनं पहारा. दोरांवरचा बर्फ लाकडानं झोडपायचा. पिण्याला पाणी नाही, बर्फाच्या लाद्या फोडून चुलीवर वितळवायच्या. कुत्र्यांना सीलचं मांस, माणसांना पेंग्विनचं. डेक घासायचा, मोजे शिवायचे, आणि लाकूड करकरायला लागलं की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून ऐकायचं. सातवी नापास माणसाला हे कसं ठाऊक, असं म्हणून बाया हात जोडत होत्या.

मी, पुंडलिकराव, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक. बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. त्या गोष्टीत मीही रमलो होतो, खोटं कशाला बोलू. पण धूर मला खटकला. उदबत्तीचा धूर वर जातो. हा घंगाळाच्या काठावरून खाली सांडत होता, जमिनीवर पसरत होता, आणि असा धूर मी आयुष्यभर कुठंतरी पाहिला होता. कुठं ते मात्र त्या गर्दीत आठवेना.

माझ्या शेजारच्या रूपरावाची काजल बारा वर्षांची आहे. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. हातापायांत कळा सुरू झाल्या की पोर रात्रंदिवस कण्हते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रोजची गोळी बांधून दिली आहे आणि दोन गोष्टी बजावल्या आहेत: गोळी चुकवायची नाही, गारठ्यात जायचं नाही. महाराजांनी नेमकं उलटं सांगितलं. गोळ्या बंद करा, रविवारी पोरीला ध्रुवस्नान घालू, गुडघ्यापर्यंत पाय घंगाळात. मी रूपरावाला अंगणात गाठलं. गारठा हाच या रोगाचा वैरी आहे, असं परोपरीनं सांगितलं.

"मले समजते, काका," तो म्हणाला. "पण सहा वर्षं झाले. रात्री ते रडते, अन् मी भिंतीले पाठ लावून बसून राहतो. तुमच्याजवळ हाय का दुसरं काही?"

माझ्याजवळ नव्हतं. गोळी बंद होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

काजल मात्र स्नानासाठी आतुर नव्हती, तिला जहाजाचं वेड लागलं होतं. दुखण्यानं महिना महिना अंथरुणावर असणारी पोर, शाळेच्या ग्रंथालयातलं दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या जहाजाचं एक पुस्तक तिनं पाठ केलं होतं. तसल्या जहाजावर राहिलेला माणूस समोर भेटतो म्हटल्यावर तिला काय काय विचारायचं होतं.

रविवारी सकाळी मंडप भरला. मी मुद्दाम पुढं बसलो. महाराज सांगत होते, "पौष लागला अन् सूर्य बुडाला. संक्रांतीले आपण तिकडं काळोखात होतो. तीन महिने सूर्य नाही."

काजल उभी राहिली. तिच्या बोलण्यात कुरापत नव्हती, खरंच अडलं होतं तिला.

"महाराज, संक्रांतीले तं तिकडं सूर्य मावळतच नाई. पेंग्विन दक्षिणेले राहते, अन् दक्षिणेले तवा उन्हाळा असते. अंधार आता असते, मे महिन्यात. तुमच्या जहाजावर उलटं काऊन झालं?"

महाराजांनी डोळे उघडले. पुस्तकी अज्ञान, कलियुग, बालबुद्धी, असं बरंच बोलले. मग घाईनं चेल्याला खूण केली. चेल्यानं लोकांकडे पाठ फिरवून भगव्या कापडात गुंडाळलेल्या घड्यातून काहीतरी ओतलं, घंगाळातलं पाणी खळाळलं, धूर उसळला. रूपरावानं काजलचा हात धरला आणि तिला घंगाळाकडे नेऊ लागला.

तेव्हा मला एकदम आठवलं. मी उठलो आणि घड्यावरचं कापड ओढलं.

आत अॅल्युमिनियमची टाकी होती. निमुळती मान, मानेवर सहा खाचा. कुणी बोलायच्या आत तीन गाई पाळणारी कौशल्याबाई म्हणाली, "हे तं गाय भरवाची टाकी होय."

गावातल्या प्रत्येक गोठ्यात ही टाकी येऊन गेलेली. वळूचं वीर्य जपायला त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. डॉक्टर टाकीतून वीर्याची कांडी उचलतो तेव्हा जरासा धूर दिसतो. ओततं कुणी नाही, म्हणून कुणी ओळखलं नाही. मी मंडपातच समजावलं. हा द्रव पाण्यात पडला की तोच उकळतो, पाणी उकळत नाही, उलट गोठायला लागतं. हवेतल्या ओलीचं धुकं होतं आणि जड असल्यानं खाली सांडतं. जहाजाची गोष्ट मला मोबाइलवर त्याच दिवशी सापडली, हिंदी व्हिडिओत, त्याच क्रमानं. व्हिडिओत नुसता हिवाळा म्हटला होता. पौष महाराजांनी आपल्या घरचा घातला.

महाराज दुपारीच सेलूकडे पसार झाले. तिथंही मंडप पडला असेल, मला शंका नाही.

काजलनं त्याच संध्याकाळी गोळी घेतली. पण चुकलेले दिवस भरून निघाले नाहीत. मंगळवारी कळा सुरू झाल्या आणि पोर आठ दिवस दवाखान्यात राहिली. रूपराव खाटेशी बसून होता. राग मला त्याचा नव्हताच. राग त्या तीनशे माणसांचा होता, आणि त्यांत पहिल्या दिवशी मान डोलावणारा मीही होतो.

सलाईन लावलेल्या हातानं काजलनं मला सांगितलं, की खऱ्या जहाजावर माणसं मरणाच्या थंडीत रोज ठरल्या वेळी बाहेर जाऊन थर्मामीटर वाचत आणि वहीत आकडा लिहीत. बोटं बधिर झाली तरी अंदाजानं लिहीत नसत.

वाचकहो, तुम्हीही तेवढंच करा. समोर कुणी चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत आजारी लेकराची गोळी बंद करू नका.