नखाएवढा फोटो

दक्षिण कोरियातल्या सुनचॉन शहराच्या खालच्या बाजारात योंग-रेचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. मुळ्याची किमची, तिळाच्या पानांचं लोणचं, अंड्याच्या पोळीची गुंडाळी, सगळं ती स्वतःच्या हाताने करते. नवरा जोंग-हो लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झाला आणि त्याला रानऑर्किडचा नाद लागला. रविवारी त्याच नादाच्या मंडळींबरोबर डोंगर धुंडाळायचा, पानावर वेगळी रेघ असलेलं एखादं रोप हुडकायचं आणि उरलेला आठवडा त्या मंडळींच्या ‘हिरवी पात’ नावाच्या इंटरनेटवरच्या फोरमवर बसायचं. तिथे त्याला मोठा मान. घरात मात्र तोंडातून ‘हं’शिवाय काही निघायचं नाही.

एकदा तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता आणि संगणक उघडाच राहिला होता. योंग-रे जेवायला हाक मारायला आली, तर पडद्यावर रविवारचे फोटो, एकेक अंगठ्याच्या नखाएवढा. एकात निळी टोपी दिसली. ती टोपी तिनेच त्याच्यासाठी आणलेली. टोपीला खेटून डोक्याला गुलाबी रुमाल बांधलेली कुणीतरी बसली होती. योंग-रेने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकवलं, पण त्या गुलाबी ठिपक्याला चेहरा काही फुटेना. फोटो टाकणाऱ्याचं टोपणनाव खाली होतं, ‘पहाटफूल’; त्यावरूनही काही कळेना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि ती मागे सरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिने आपल्या फोनवर तो फोरम शोधून काढला. फोटो तिथेही होते, पण कितीही दाबा, मोठे म्हणून होईनात. बोटांनी ताणले तर नुसता चिखल दिसायचा.

शेजारी सुकी मासळी विकणारी ओक-बुन डोकावली. “काय एवढं न्याहाळतेस, ताई?”

“ह्यांचा डोंगर.”

“डोंगर गुलाबी असतो होय?”

योंग-रेने फोन पालथा घातला.

ग्वांगजूला असलेल्या लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, “आई, पाहुण्यांना छोटेच दिसतात. मोठे बघायचे तर सभासद व्हावं लागतं. पण बाबांनाच सांग की दाखवायला.”

“तुझ्या बाबांना काय सांगायचं ते मला कळतं.”

ती सभासद झाली. नाव काय घ्यायचं सुचेना, समोर मुळ्यांचा ढीग होता, म्हणून ‘मुळा’ लिहिलं. तरीही फोटो मोठा होईना. शेवटी तिने मदतीच्या पानावर विचारलं, ‘मी नवी आहे. फोटो मोठे का होत नाहीत?’

थोड्याच वेळात उत्तर आलं. ‘मुळाबाई, नमस्कार. आपलं स्वागत. नव्या सभासदाने आधी दोन ओळींत ओळख द्यायची असते आणि चार-पाच जणांच्या फोटोंखाली काहीतरी लिहायचं असतं. मग पायरी चढते आणि फोटो उघडतात. काही अडलं तर निःसंकोच विचारा.’ खाली सही, ‘डोंगरवारा’.

डोंगरवारा म्हणजे जोंग-हो. फोरमवाल्यांनी त्याला दिलेल्या कपावर हेच नाव होतं.

योंग-रेने ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. निःसंकोच विचारा. सकाळीच तिने विचारलं होतं, फ्रिजचा दिवा कधी बदलता, तर ‘हं’.

तिने ओळख लिहिली, अनोळखी पानांना ‘छान’, ‘फारच छान’ म्हटलं. पायरी चढली, तरी फोटो दाबला की पडदा क्षणभर लुकलुकायचा आणि काहीच व्हायचं नाही. तिने पुन्हा विचारलं. ‘मोठा फोटो नव्या खिडकीत उघडतो, तुमचा फोन ती अडवत असेल,’ त्याने लिहिलं. ‘घाबरू नका. फोन कुठला ते सांगा, आपण एकेक करून बघू.’

त्या संध्याकाळी तो जेवताना फोन हातात घेऊन बसला होता, आणि हसत होता.

“कोण आहे?” तिने विचारलं.

“नवीन सभासद आहे एक. फोटो उघडत नाहीत तिच्याकडे.”

“मग तिचं तिला बघू दे की.”

“अगं, शिकायची हौस आहे बिचारीला. नीट विचारते, नीट ऐकते.”

योंग-रेने किमचीची वाटी त्याच्यापुढून उचलून आपल्याकडे ओढली. गुलाबी रुमालवाली होतीच, त्यात आता ही मुळी. ती मुळी आपणच आहोत हे ठाऊक असूनही तिला तिचा हेवा वाटला. या बाईला हा माणूस एकेक करून समजावतो, आणि माझ्या वाट्याला हुंकार.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं तसं तिने फोनच्या आत शिरून ती अडवणूक बंद केली, आणि फोटो एकदम पडदाभर उघडला.

गुलाबी रुमालवाली चाळिशीची होती, देखणी, गालाला खळी. जोंग-हो तिच्यापुढे डबा धरून काहीतरी सांगत होता. डबा योंग-रेचा, आत पहाटे उठून केलेली अंड्याची गुंडाळी. बाईने एक तुकडा उचलला होता आणि जोंग-हो असा हसत होता, की लग्नाच्या फोटोतही हसला नसेल.

योंग-रेने फोटोखाली लिहिलं, ‘ती गुंडाळी मी केली होती. नवऱ्यासाठी.’ आणि दुकानात काकड्या चिरायला बसली.

जोंग-हो दुपारी बाजारात आला. ओक-बुन मासळी झाकायच्या निमित्ताने जवळ सरकली. तो बरण्यांपुढे येऊन उभा राहिला.

“मुळा तू आहेस.”

“हं,” योंग-रे म्हणाली.

“मला म्हणाली असतीस, तर मीच मोठा करून दाखवला असता.”

“तुम्ही ‘हं’ म्हणाला असता आणि पाणी घालायला गेला असता.”

“ती रुमालवाली औषधाच्या दुकानात असते,” तो म्हणाला. “तुझ्या हातची चव कशी, तेच सांगत होतो तिला.”

“तिला सांगायला शब्द असतात तुमच्याकडे.”

“तू येतेस का रविवारी?”

ती गेली. चढावर धाप लागली, पण कुणाचा हात धरला नाही. जेवायच्या वेळी गुलाबी रुमालवाली धावत आली. “वहिनी, तुमच्या डब्याची आम्ही आठवडाभर वाट बघतो हो.” योंग-रेला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. ती सरळ त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली आणि डबा आपल्या मांडीवर ठेवून सगळ्यांना वाढलं. त्या बाईलाही वाढलं, पण कडेचा तुकडा.

घरी आल्यावर जोंग-हो आतल्या खोलीत गेला. योंग-रे भांडी घासत असताना फोनवर डोंगरवाऱ्याचा निरोप आला. ‘मुळाबाई, आज फार दमलात. चहा ठेवू का?’

तिने हात पुसले आणि लिहिलं, ‘बाहेर येऊन विचारा.’

आतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.