वर लिहायचं, वाचायचं नाही

माझी पुतणी निवेदिता नौदलात संगणकाचं काम पाहते. जहाजावरच्या एकाच यंत्रात साधी, गोपनीय आणि अतिगोपनीय माहिती शेजारी शेजारी असते. ज्याची जी पायरी, त्याला तेवढंच दिसतं. खलाशांसाठी सोप्या हिंदीत सूचना हव्या होत्या. मी जिंतूरला हिंदी शिकवायचो, एवढ्याच आधारावर तिने ते काम मला दिलं. त्यात तेव्हा गुपित काही नव्हतं.

पक्की प्रत घेऊन ती बसमध्ये बसली आणि मला शंका आली. 'गोपनीयमधून साध्यात येताना आधी स्क्रीन कोरी करा, मग पायरी बदला.' हे मी उलटं तर लिहिलं नाही? तसं असेल तर भलत्या माणसाला भलतं दिसायचं.

आठवड्याने फोन केला. "ती ओळ वाचून दाखव, बाई."

"काका, बाकीच्या सूचनांना जोडल्यावर ते गोपनीय झालंय. तुमाला वाचता येत नाही आता."

"पण मीच लिहिलंय!"

"खालच्याला वर लिहिता येतं, वरचं वाचता येत नाही. दुरुस्ती पाठवा ना."

पाठवली: 'क्रम उलटा करावा.' मूळ बरोबर असेल तर आता मीच ते बिघडवलं, हे पाकीट पेटीत पडल्यावर सुचलं. म्हणून दुसरी पाठवली: 'पहिलीकडे लक्ष देऊ नये.' पोच आली नाही. पोच देणं म्हणजे खाली सांगणं.

रविवारी शब्दकोशात कच्ची प्रत सापडली. पक्की तिच्यावरूनच उतरवली होती. पुन्हा निवेदिताला फोन करून ते सांगितलं.

"वाचली?"

"पालथी ठेवलीय."

"जाळा. न वाचता."

"एकच ओळ–"

"काका!"

सुनेत्रा, माझी पत्नी, बंबात लाकडं सारत होती. मी डोळे मिटून कागद पुढे केला. बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले, तर तिने चष्मा लावलेला.

"अगं, वाचू नकोस!"

"झालं वाचून." तिने कागद बंबात सारला.

"ती स्क्रीनची ओळ... बरोबर होती?"

"अहो, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. तुमच्यापेक्षा जास्त मला आजच कळायलंय. सांगू कशाला? तुमची पायरी नाही ती."

मी तिसरी चिठ्ठी लिहायला बसलो. सुनेत्रा मागे उभी राहून वाचत होती आणि हसत होती. कशाला, ते अजून सांगितलेलं नाही.